कॅपची कड

तुमच्या दाढेवर जी कॅप आहे ती तुमच्या डॉक्टरांनी बनवलेली नाही. त्यांनी दात घासून लहान केला, माप घेतलं आणि आठवड्याभराने तयार कॅप चिकटवली. मधला आठवडा ती कुठे होती, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, ‘कंपनीतून येते ना?’ कंपनीतून येतो तो कच्चा माल. कॅप बनते माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर. मी सोलापुरात छोटी डेंटल लॅब चालवते. १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये आमच्या जमातीची नोंद झाली ती ‘डेंटल मेकॅनिक’ म्हणून. सासरच्या भाषेत ‘दाताचं काहीतरी करते’.

सकाळी आमचा मुलगा एसटी स्टँडवरून डबे घेऊन येतो. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर. एकेका डब्यात सिलिकॉनमध्ये उमटलेलं माप, वरखालचे दात कसे मिटतात ते दाखवणारा बाइट आणि एक चिठ्ठी: ‘३६ झिरकोनिया, शेड ए३, अर्जंट.’ झिरकोनिया म्हणजे दाताच्या रंगाचं कडक सिरॅमिक, शेड म्हणजे दाताच्या रंगाचा नंबर. ३६ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, ४६ म्हणजे उजवीकडची तीच. ही साधारण सहाव्या वर्षी येते. घरचे तिला दुधाची समजतात, ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात आणि कीड तिलाच आधी लागते. आमच्याकडे ३६ आणि ४६ ची गर्दी असते ती त्यामुळे. अर्जंट तर सगळ्याच चिठ्ठ्यांवर असतं. हल्ली काही दवाखाने तोंडात स्कॅनर फिरवून फाइल पाठवतात. तिच्यावर अर्जंट लिहायची सोय नसते, म्हणून फोन येतो.

पेशंटचा चेहरा मला कधीच दिसत नाही, पण प्लॅस्टरचे दात पुष्कळ बोलतात. सुपारीवाल्याच्या दाढा सपाट झालेल्या असतात. झोपेत दात खाणाऱ्याच्या सुळ्यांची टोकं गेलेली असतात. एका बाजूला दाढ नसली की दुसरी बाजू जास्त झिजलेली दिसते. माणूस रस्त्यात समोरून गेला तर ओळखणार नाही, पण त्याचा जबडा पुढे ठेवा, कुठल्या बाजूने भाकरी मोडतो ते सांगेन.

तर नातेवाईक आणि शेजारीपाजारी मला एकच प्रश्न विचारतात. ‘ताई, कुठल्या कंपनीची कॅप चांगली? दहा वर्षं वॉरंटीवाली घेऊ का पंधरा?’ सांगून सांगून दमले, म्हणून एकदा लिहूनच टाकते. कंपनी नंतर. वॉरंटी तर अगदी शेवटी. आधी कड.

कॅपसाठी दात घासताना डॉक्टर हिरडीजवळ चौफेर एक पायरी काढतात. आम्ही तिला मार्जिन म्हणतो. कॅपची कड या पायरीवर येऊन टेकायची असते, अशी की डॉक्टरांनी टोकदार प्रोब फिरवला तर कुठे अडकू नये. तिथे फट राहिली की सिमेंट लाळेने हळूहळू झिजतं, फटीत अन्न आणि जंतू बसतात आणि कॅपच्या आत कीड सुरू होते. कॅपला कीड लागत नाही हो, ती आतल्या दाताला लागते. बरं, रूट कॅनल झालेल्या दातात नस नसते. म्हणजे दुखत नाही, ठणकत नाही, काही कळत नाही. मग एके दिवशी घास तोडताना कॅप हातात येते आणि तिच्या पोटात अर्धा दात काळा पडून मोडलेला असतो.

ही कड बनते कशी ते सांगते, कारण माझा निम्मा दिवस तिथे जातो. माप आलं की त्यात कडक जातीचं डाय स्टोन ओतायचं. घट्ट झालं की बारीक करवतीने तो एकच दात मॉडेलपासून सुटा करायचा. त्याला आम्ही डाय म्हणतो. मग भिंगाखाली धरून हिरडीच्या जागेचं प्लॅस्टर बरने, म्हणजे फिरत्या बारीक टोकाने, खरवडत पायरीपर्यंत यायचं. रेघ लागली की हात थांबला पाहिजे. थोडं पुढे गेलं तर पायरीच उडते आणि कॅपची कड कुठे टेकवायची तेच हरवतं. शेवटी तांबड्या पेन्सिलने ती रेघ गोल ओढून घ्यायची. ही रेघ तुटक आली तर समजायचं, मापातच गडबड आहे. माप घेताना हिरडीतून रक्त आलं, लाळ शिरली, हवेचा बुडबुडा राहिला, काहीही असू शकतं. स्क्रीनवरही तेच. स्कॅनर कितीही महागाचा असो, रक्ताखालची पायरी त्यालाही दिसत नाही.

मग मी फोन लावते. ‘सर, आतल्या बाजूला मार्जिन दिसत नाहीये.’ काही डॉक्टर लगेच म्हणतात, ‘पाठवू नका काही, मी पुन्हा माप घेतो.’ काही म्हणतात, ‘ताई, तुम्हाला एवढा अनुभव आहे, घ्या की अंदाजाने.’ मी अंदाजाने घेत नाही. यापायी एकदोन दवाखाने दुसऱ्या लॅबकडे गेले, जाऊ देत. तुम्हाला सांगायचं ते असं, की डॉक्टरांनी ‘पुन्हा माप घ्यायला या’ म्हटलं तर ‘यांना जमत नाही’ असं समजून तोंड वाकडं करू नका. असे डॉक्टर धरून ठेवा.

कडेनंतर जागा. चावण्याच्या बाजूने मेटलच्या कॅपला एक-दीड मिलिमीटर, नुसत्या झिरकोनियालाही तेवढीच आणि मेटलवर सिरॅमिक चढवायचं असेल तर दीड ते दोन मिलिमीटर जागा लागते. दात तेवढा घासला नाही तर माझ्यापुढे दोनच वाटा राहतात: कॅप पातळ करायची, नाहीतर उंच. पातळ केली तर फुटते. उंच केली तर डॉक्टर निळा कागद चाववून ती तोंडातच घासत बसतात, म्हणजे परत पातळ. ‘माझा दात फार घासला’ ही पेशंटची तक्रार मला नेहमी ऐकू येते. ‘कमी घासला’ अशी तक्रार कुणीच करत नाही. निम्म्या फुटलेल्या कॅपा मात्र कमी घासलेल्या दाताच्या असतात.

आता कुठली कॅप, या प्रश्नाकडे येते.

मेटलची कॅप, जिला लोक स्टीलची किंवा चांदीची म्हणतात, ती ना स्टीलची असते ना चांदीची. आपल्याकडे बहुतेक निकेल-क्रोमची, नाहीतर कोबाल्ट-क्रोमची. मेणाची कॅप घडवायची, तिच्याभोवती इन्व्हेस्टमेंटचा, म्हणजे भट्टीची उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टरचा, लगदा ओतायचा, भट्टीत मेण जाळून टाकायचं आणि उरलेल्या पोकळीत तेराशे-चौदाशे अंशाला वितळलेला धातू फिरत्या यंत्राच्या जोराने ढकलायचा. सराफ अंगठ्या ओततात ती हीच पद्धत. दाताच्या कामात ती रुळवली विल्यम टॅगर्ट या अमेरिकन डेंटिस्टने, १९०७ साली. आता ही कास्टिंगची भट्टी मागे पडत चाललीय. लेझरने धातूची पूड थरावर थर वितळवून कॅप बनवणारी मोठी सेंटर आहेत, आम्ही फाइल पाठवतो, ते टोप्या पाठवतात.

दिसायला ही कॅप करडी, यात वाद नाही. पण तिच्यासाठी दात सगळ्यांत कमी घासावा लागतो, कड पातळ आणि नेटकी येते आणि ती तडकत नाही. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दाढेवर मी मेटलच बसवायला लावली. आई म्हणाली, ‘पोरगी लॅबवाली आणि बापाला साधी कॅप?’ बाबा जांभई देतात तेव्हा सोडता ती कुणाला दिसत नाही. आणि बाबा सोलापूरचे. कडक भाकरी हाताने मोडून शेंगाचटणीशी खायची, वरणात बुडवून मऊ करायची नाही, हा त्यांचा स्वाभिमान. मेटल ते निमूट सोसतंय.

एकच पथ्य. खोटे कानातले घातले की ज्यांचा कान चिघळतो, त्यांनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. ते बहुतेकदा निकेलमुळे होतं आणि मग निकेल नसलेला पर्याय निवडता येतो. काही स्वस्त मिश्रधातूंत बेरिलियमही असायचं. पेशंटला तोंडात त्याचा फारसा धोका नाही, पण घासताना जी धूळ उडते ती आमच्या फुप्फुसांत जाते. चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असलं तरी मी बेरिलियमवाला धातू घेत नाही आणि धूळ ओढणाऱ्या मशीनशिवाय पोरांना ग्राइंडिंगला बसू देत नाही. पोरांना मास्कचा कंटाळा येतो. मग मी ओरडते.

मेटल-सिरॅमिक म्हणजे आत धातूची टोपी आणि वरून दाताच्या रंगाचं सिरॅमिक. मी हे काम शिकून या धंद्यात आले आणि अजूनही मला यातच जास्त मजा येते. आधी ओपेकचा थर, म्हणजे धातूचा करडेपणा झाकायचा. मग पावडर पाण्यात कालवून केसाच्या ब्रशने थर चढवायचे: आतला पिवळसर, कडेला अर्धपारदर्शक. टिचक्या मारून पाणी वर आणायचं आणि टिश्यूने टिपून घ्यायचं. दात मुद्दाम मोठा रचायचा, कारण भट्टीत तो आवळतो. नऊशे अंशाच्या आसपास, हवा काढून घेतलेल्या भट्टीत तो भाजतात. मधेच लाइट गेली की सगळं मुसळ केरात; आमच्याकडे घराला इन्व्हर्टर नव्हता तेव्हा भट्टीला होता. यात एक बारीक गोष्ट आहे. थंड होताना धातू सिरॅमिकपेक्षा किंचित जास्त आक्रसावा असाच निवडतात. त्यामुळे सिरॅमिक बाहेरून आवळलेलं राहतं आणि आवळलेलं सिरॅमिक सहजी तडकत नाही.

या कॅपची खोड पुढच्या दातांत दिसते. वयाबरोबर हिरडी थोडी वर सरकली की कडेची करडी रेघ उघडी पडते. हसल्यावर हिरडीलगत काळसर पट्टा दिसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कीड नसते ती. धातू असतो.

झिरकोनियाचं सगळंच वेगळं. तो येतो ९८ मिलिमीटर व्यासाच्या पांढऱ्या चकतीच्या रूपात. या अवस्थेत तो खडूसारखा मऊ असतो, नखानेही चरा पडेल. कॉम्प्युटरवर कॅप रचायची, मशीन ती चकतीतून कोरून काढतं, साधारण वीस ते पंचवीस टक्के मोठी. कोरलेली कॅप बोटांवर घेतली की वजनच जाणवत नाही. तिची कड जरा जोरात धरली तरी टवका उडतो. रंगाचं पाणी लावून, वाळवून, रात्री ती भट्टीत ठेवायची. पंधराशे अंश. सकाळी दार उघडलं की तीच कॅप आवळून बरोबर मापाची झालेली, हातात जड लागणारी आणि टेबलावर पडली तर टणकन वाजणारी. इतकी वर्षं झाली, तरी सकाळी ती डायवर बसवून बघताना माझा श्वास जरा अडकतोच. चकतीच्या पाकिटावर ती किती आवळेल त्याचा आकडा छापलेला असतो, तो कॉम्प्युटरमध्ये चुकीचा भरला तर कॅप सैल तरी होते किंवा चढतच नाही.

झिरकोनियाबद्दल एक भीती पसरलेली आहे की तो समोरचा दात झिजवतो. कडक आहे, म्हणून झिजवणार, असा सरळ हिशेब लोक करतात. झिजवतो तो खरबरीत पृष्ठभाग. नीट पॉलिश केलेला झिरकोनिया समोरच्या दाताला जुन्या सिरॅमिकपेक्षा सौम्य असतो. गोची अशी की मी आरशासारखी पॉलिश करून पाठवते आणि बसवताना उंच लागली म्हणून डॉक्टर बरने घासतात. तिथे पुन्हा पॉलिश केलं नाही तर ती जागा कानशीच झाली. कॅप बसली की चावायच्या बाजूवरून जीभ फिरवा. खरखरलं तर खुर्चीतून उठायच्या आधी सांगा. आणि इंजेक्शन दिलेलं असेल तर बधिरपणा उतरल्यावर चावून बघा. तीच बाजू आधी लागत असेल तर ‘सवय होईल’ म्हणून गप्प बसू नका. दाताला उंचीची सवय होत नाही, तो दुखायला लागतो.

वॉरंटी कार्डाचंही इथेच उरकते. कार्डावर नंबर असतो, माल खरा आहे की नाही ते त्याने तपासता येतं, तेवढ्यासाठी जरूर मागून घ्या. पण ही वॉरंटी सहसा झिरकोनिया तुटण्याची असते. आतला दात किडला, हिरडी सुजली, कॅप निघाली, यातलं काही त्यात बसत नाही. आणि झिरकोनिया तुटणं हीच यातली सगळ्यांत दुर्मीळ गोष्ट. म्हणून म्हटलं, वॉरंटी शेवटी.

शेडचं मात्र थोडं रेंगाळून सांगते. आमच्याकडे जी शेड गाइड, म्हणजे रंगाच्या नमुन्यांच्या पट्ट्या, चालते तिच्यात सोळा शेड असतात, ए१ पासून डी४ पर्यंत. ए म्हणजे तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळी, सी करडी, डी तांबूस-करडी. चिठ्ठीवर जास्त करून ए२ आणि ए३ असतं, वय झालेल्यांना ए३.५. लग्नसराईत मात्र बी१ ची लाट येते. नवऱ्या मुलीचा पुढचा एक दात करायचा असतो, बाकीचे सगळे ए३, आणि घरचे म्हणतात, एकदम पांढरा करा. फोटोत तो एकच दात चमकेल हे सांगायला मी तिथे नसते. शेड घ्यायची ती खिडकीच्या उजेडात, लिपस्टिक पुसून आणि दात घासायला सुरुवात करायच्या आधी. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात कोरडे पडतात आणि आहेत त्याहून पांढरे दिसतात. शेवटी घाईघाईत घेतलेली शेड म्हणून हमखास उजळ येते. माझ्या डॉक्टरांना मी सांगून ठेवलंय, शेजारच्या दाताला पट्टी टेकवून मोबाइलवर फोटो पाठवा, नुसता नंबर नको.

एकदा अक्कलकोटकडच्या एका आजींचा वरचा पुढचा दात आला होता. डॉक्टरांचा निरोप होता, ‘पेशंट म्हणतात, माझ्या बाकीच्या दातांसारखाच करा, नवा दिसला तर बायका विचारतील.’ फोटोत बघितलं तर आयुष्यभर मिशरी लावलेली. प्रत्येक दाताच्या मानेशी तपकिरी कंगोरा. मिशरी सोडा हे सांगायचं काम डॉक्टरांचं, त्यांनी ते केलंही असेल. मी बारीक ब्रशने स्टेन घेऊन तोच कंगोरा भरला, मधे एक उभी भेगेसारखी रेघ काढली, टोकाशी थोडी झीज दाखवली. इतका मळका आणि इतका देखणा दात मी पुन्हा बनवलेला नाही.

आता ब्रिज, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांवरच्या कॅपांना जोडून लावलेला खोटा दात. आधी हे, की पुष्कळ ब्रिज टाळता आले असते. रूट कॅनल झालं, दुखायचं थांबलं, की पेशंट गायब. ‘आषाढी होऊ दे, मग बसवू कॅप.’ ‘ज्वारी काढून झाली की येतो.’ रूट कॅनल झालेली दाढ आतून पोखरलेली असते. चारी बाजूंच्या भिंती उरतात, वर फिलिंग. त्या दाढेने कडक काही फोडलं की ती उभी चिरते आणि मुळापर्यंत चिरलेली दाढ काढण्यावाचून गत्यंतर नसतं. पुढच्या दाताचं तसं नाही. तो बऱ्यापैकी शाबूत असेल तर रूट कॅनलनंतर कॅप लागतेच असं नाही. पण दाढेला थांबू नका.

माझ्या आत्याचं असंच झालं. ती मंगळवेढ्याला असते. ३६ काढून वर्षं लोटली होती, ‘एका बाजूने चावते की मी’ म्हणत तिने जागा तशीच ठेवली. दात काढलेल्या जागेकडे शेजारी झुकतात आणि समोरचा खाली उतरतो. तिचीही मागची ३७ पुढे कलली होती आणि वरची २६ त्या खड्ड्यात लोंबायला लागली होती. त्यातच ३७ किडली, तिचं रूट कॅनल झालं आणि डॉक्टर म्हणाले, कॅप करतोच आहोत तर पुढच्या ३५ पासून ३७ पर्यंत ब्रिज करू, नाहीतर मधे इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. आत्याने मॉडेल मागवून मला फोन लावला.

‘काय गं, मधला दात लावायचा म्हणून माझी पुढची चांगली दाढ कशाला कापायची?’

‘मधल्याला मूळ नाही ना आत्या. त्याचा भार शेजारच्या दोघांनी घ्यायचा.’

‘आणि तिचंबी रूट कॅनल करायचं म्हणतेत. जिवंत दात मारायचा कशाला?’

दोन्ही प्रश्न लाखाचे. ब्रिजची खरी किंमत हीच आहे: एक नसलेला दात लावण्यासाठी दोन असलेले कापायचे आणि कॅपसाठी दाताचा वर दिसणारा भाग अर्ध्याहून जास्त जातो. शेजारचे दोन्ही कोरे असतील, हाड चांगलं असेल, शुगर आटोक्यात असेल आणि खर्च झेपत असेल तर मी माझ्या माणसाला इम्प्लांटच सांगेन. पण आत्याची ३७ अशीही कॅपमध्ये जाणार होती आणि हाडात स्क्रू म्हटल्यावर ती ‘मला नगं ते’ म्हणून मोकळी झाली. ब्रिज ठरला. ३५ चं मात्र मी डॉक्टरांशी बोलले. ते म्हणाले, ‘जिवंत ठेवू, पण पुढेमागे दुखली तर कॅपला भोक पाडून रूट कॅनल करावं लागेल, हे सांगून ठेवा.’ आत्याने ते मान्य केलं. जिवंत दातावर कॅप बसते, त्यासाठी प्रत्येक वेळी नस काढावी लागत नाही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

कललेल्या दाढेची आणखी एक भानगड. ब्रिज एकसंध असतो, तो एकाच दिशेने खाली उतरायचा. म्हणून दोन्ही बाजूचे दात एकमेकांना समांतर घासावे लागतात आणि कललेला जास्तच कापावा लागतो. वरून उतरलेल्या २६ चं टोकही थोडं घासून वर घेतलं, नाहीतर खालच्या खोट्या दाढेला उंचीच मिळाली नसती. आत्या दात काढल्यावर हिरडी भरेपर्यंत दोन-तीन महिने थांबून लगेच आली असती तर यातलं निम्मं टळलं असतं.

तिचा एकच दात मधे होता, म्हणून मला घोर नव्हता. लांब ब्रिज मला आवडत नाहीत. ब्रिजचा वाक लांबीच्या घनाने वाढतो: मधे एकाऐवजी दोन दात असतील तर आठपट, तीन असतील तर सत्तावीसपट. ब्रिज नुसता डोळ्यांना न दिसण्याइतका वाकला तरी एका टोकाचं सिमेंट सुटतं. पेशंटला पत्ता लागत नाही, कारण दुसऱ्या टोकाने तो घट्ट धरलेला असतो, आणि सुटलेल्या टोकाखाली दात गुपचूप किडतो. १९२६ मध्ये अँटे नावाच्या डेंटिस्टने एक अंदाज घालून दिला होता, की आधार देणाऱ्या दातांची मुळं गेलेल्या दातांच्या मुळांइतकी तरी भरावीत. आता तो कुणी कायदा म्हणून पाळत नाही, तरी ‘चार दात मधे, दोन आधाराला’ अशी चिठ्ठी आली की माझ्या डोक्यात अँटेबुवा येतात आणि मी फोन उचलते.

मधल्या खोट्या दाताची बूड कशी ठेवायची, हे तर पूर्ण माझ्या हातात असतं. हिरडीवर खोगिरासारखी पसरट बसवली तर पहिल्या दिवशी छान दिसते, अन्न जात नाही, पेशंट खूश. पण खाली ब्रश जात नाही आणि काही महिन्यांत तोंडाला वास. मी बूड फुगीर ठेवते, हिरडीला बाहेरच्या बाजूने जेमतेम टेकेल अशी, गुळगुळीत पॉलिश केलेली. आत्याला मी दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश आणून दिला. ती त्याला ‘बारकी केरसुणी’ म्हणते आणि रात्री भांडी घासून झाली की तो फिरवते. ब्रिजखाली दोरा वरून जात नाही, आडवा ओवावा लागतो. त्यापेक्षा तिला केरसुणी सोपी पडते. ब्रिज घेणार असाल तर बसवायच्या दिवशीच डॉक्टरांकडून हे हातात आरसा घेऊन शिकून घ्या. लाज वाटून घेऊ नका. त्या दिवशी कडक काही खाऊही नका, ग्लास आयोनोमर सिमेंट पुरतं घट्ट व्हायला चोवीस तास घेतं.

आणि टेंपररी कॅप दिली असेल तर ती सांभाळा. घासलेला दात आठवडाभर उघडा राहिला की किंचित का होईना हलतो. मग मी डायवर चोख बसवलेली कॅप तोंडात बसत नाही आणि शिव्या लॅबला बसतात.

कॅप निघाली तर काय करायचं, हा फोन मला दर दिवाळीत येतो. चकली, चिक्की, कडक शेव, कारणं तीच. आधी कॅपच्या आत बघा. नुसतं पांढरं सिमेंट असेल तर बहुतेक वेळा तीच कॅप पुन्हा बसते. आत दाताचा तुकडा असेल तर काम वाढलं. दोन्ही वेळा दोन-चार दिवसांत दवाखाना गाठा. फेविक्विक लावू नका. तो लावून आलेल्या कॅपा आतून खरवडायला माझ्याकडे येतात आणि त्या खरवडताना कड हमखास जाते. कॅप डबीत ठेवून घेऊन जा. रुमालाच्या गाठीत बांधू नका; तो रुमाल घरातलं कुणीतरी धुवायला टाकतंच.